नेम आणि हवा

चाकणचा संग्रामदुर्ग आज कारखान्यांच्या गर्दीत सहज नजरेआड होतो. जून 1660 मध्ये शाएस्तेखानाने त्यास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने भर पावसाळ्यात तो सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर ऑगस्टात सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा किल्ला पडला. त्या काळचा गोलंदाज नेम धरी तो डोळ्याच्या व अनुभवाच्या बळावर. ज्या हवेतून गोळा जावयाचा, तिचा अडथळा युरोपातील बहुतेक तोफशास्त्रज्ञांनाही क्षुल्लकच वाटे.

हा भ्रम 1742 साली बेंजामिन रॉबिन्स याने मोडला. टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून तो किती झुलतो, यावरून त्याने गोळीचा वेग काढला. अंतर वाढवून तो वेग किती घटतो, हेही पाहिले. वेगवान गोळीस हवेचा होणारा विरोध तिच्या वजनाच्या कितीतरी पट भरला. हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि 1751 साली येथेच वारला.

तथापि जुन्या बंदुकांचा पल्ला तोकडा असल्याने शिकाऱ्यास या ज्ञानाची फारशी गरज पडली नाही. 1888 साली ब्रिटिश सैन्याने .303 ची रायफल स्वीकारली आणि लांबचा नेम सामान्य झाला. चिंचवडपासून जवळच, खडकीस, 1869 पासून काडतुसांचा कारखाना होता. पुण्याच्या छावणीतील गोरे अधिकारी रजेत शिकारीसाठी काश्मीर-लडाखकडे जात.

पुणे सुमारे 1,800 फुटांवर, तर लेह सुमारे 11,500 फुटांवर. लेहची हवा पुण्याच्या पाऊणपटच दाट. विरोध घटला की गोळीचा वेग टिकतो, ती लक्ष्यापर्यंत लवकर पोहोचते आणि वाटेत कमी खाली येते. म्हणून पुण्यात बसविलेला नेम तेथे किंचित वर लागतो. शंभर वारांवर हा फरक जाणवतही नाही. पाचशेच्या पुढे मात्र तो दुर्लक्षून चालत नाही.

उताराची चूक याहून मोठी. पंचेचाळीस अंशांच्या चढावर चारशे वारांवरील जनावरासाठी गोळीचा खाली येण्याचा हिशेब आडव्या अंतराचा, म्हणजे सुमारे 280 वारांचा, धरावा लागतो. वर मारा अथवा खाली, पूर्ण चारशेचा नेम धरल्यास गोळी वरच जाते. ती साफ हुकली तर बरेच म्हणावयाचे. ओझरती लागली तर जखमी जनावर कड्याआड जाऊन तळमळत मरते. म्हणूनच मुक्कामी पोहोचताच, शिकारीस निघण्यापूर्वी, खुणेवर चार गोळ्या झाडून नेम पुन्हा बसवून घेणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील ती शिकार संपुष्टात आली. हवेचा नियम मात्र तसाच राहिला. 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपले तोफगोळे विरळ हवेमुळे मैदानी तक्त्यांतील आकड्यांहून दूर जात, आणि गोलंदाजांस आपले हिशेब तेथल्या उंचीप्रमाणे नव्याने मांडावे लागले.