ऋतुजा पिसाळ : शेवटच्या दहा मिनिटांत गोल मारणारी साताऱ्याची फॉरवर्ड, पुढे कुठे पोहोचेल?

२६ जानेवारी २०२५. रांचीचं मरांग गोमके जयपाल सिंह हॉकी स्टेडियम. महिलांच्या पहिल्याच हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा हॉकी क्लब. स्कोअर १-१. सामना संपायला चारेक मिनिटं बाकी असताना ५६व्या मिनिटाला ओडिशाचा दुसरा गोल झाला आणि विजेतेपद ठरलं, २-१. ओडिशाचे दोन्ही गोल एकाच मुलीचे होते : ऋतुजा दादासो पिसाळ, जिल्हा सातारा.

त्या दिवसापासून तिचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं. पण एका सामन्यातले दोन गोल वेगळे आणि दहा वर्षं भारताच्या आघाडीत टिकून राहणं वेगळं. २०२५च्या आशिया चषकापर्यंतचा तिचा खेळ समोर ठेवून ती कशी घडली, आज कुठे आहे आणि संघात तिची नेमकी जागा कोणती होऊ शकते, ते या लेखात पाहू.

थोडक्यात ओळख

- नाव : ऋतुजा दादासो पिसाळ
- जिल्हा : सातारा
- जागा : आघाडी (फॉरवर्ड), ज्युनिअर संघात मधली फळी
- ज्युनिअर आशिया चषक, जून २०२३, जपान : भारत पहिल्यांदाच विजेता, संघात समावेश
- ज्युनिअर विश्वचषक, २०२३ अखेर, चिली : संघाची उपकर्णधार, भारत नववा
- हॉकी फाइव्ह्ज विश्वचषक, जानेवारी २०२४, मस्कत : भारत उपविजेता
- महिला हॉकी इंडिया लीग, जानेवारी २०२५ : ओडिशा वॉरियर्स विजेता, अंतिम सामन्यात २ गोल
- आशिया चषक, सप्टेंबर २०२५, चीन : भारत उपविजेता, ४ गोल

फलटणची माती

महाराष्ट्रात मुलींच्या हॉकीचा विषय निघाला की सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागाचं नाव येतंच. आसू गावची वैष्णवी फाळके भारतीय संघात मधल्या फळीत खेळते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. वाखरीची अक्षता ढेकळे बचावपटू. ऋतुजा याच पिढीतली. मस्कतच्या हॉकी फाइव्ह्ज विश्वचषकात अक्षता आणि ऋतुजा एकाच संघात होत्या, तर २०२५च्या आशिया चषकात वैष्णवी आणि ऋतुजा.

हे नशिबानं होत नाही. एका भागात चांगला प्रशिक्षक असला, शाळेनं मैदान दिलं आणि पहिली मुलगी पुढे गेली, की मागच्या मुलींना वाट दिसते. आईवडिलांनाही पटतं की पोरगी हॉकीच्या मागे लागली म्हणून वाया जात नाही. आपल्याकडे कबड्डीत हेच झालं. एका गावातून एक मुलगी राज्य संघात गेली की पुढच्या वर्षी त्याच गावातून पाच मुली सरावाला येतात.

मधल्या फळीतून आघाडीत

ऋतुजाचा प्रवास समजून घ्यायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. ज्युनिअर संघाच्या यादीत ती फॉरवर्ड नव्हती, मधल्या फळीत होती. वरिष्ठ संघात ती आघाडीत आली.

मधल्या फळीतल्या खेळाडूला दोन्ही बाजूंनी पळावं लागतं. चेंडू आपल्याकडे असला की पुढे, गेला की मागे. कोण कुठे उभं आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे सतत बघावं लागतं. त्यामुळे दम वाढतो आणि नजर तयार होते. अशी खेळाडू पुढे फॉरवर्ड झाली तर ती नुसती गोलसमोर उभी राहून चेंडूची वाट बघत नाही. ती मागे येऊन चेंडू मागते, पास देते, पुन्हा आत शिरते.

याची दुसरी बाजूही आहे. लहानपणापासून फॉरवर्ड खेळलेल्या मुलीला गोलसमोर काय करायचं हे विचार न करता येतं. हॉकीत गोल फक्त डीच्या आतून मारलेलाच धरतात. ती डी म्हणजे गोलपासून साधारण १४.६३ मीटरचा अर्धगोल. त्यात बचावपटूंची गर्दी, समोर गोलकीपर आणि फटक्यासाठी अर्धा सेकंद. उशिरा आघाडीत आलेल्या खेळाडूला ही सवय मोठ्या सामन्यांतच लावून घ्यावी लागते.

हॉकी फाइव्ह्जचा इथे फायदा झाला असावा. त्यात संघात पाचच जणी, मैदान लहान, कडेला फळ्या. चेंडू बाहेर जात नाही, खेळ थांबत नाही. प्रत्येकीला बचाव आणि आक्रमण दोन्ही करावं लागतं. मस्कतच्या अंतिम सामन्यात भारत नेदरलँड्सकडून ७-२ असा हरला, पण भारताच्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचा होता.

आकडे काय सांगतात?

आता तिच्या गोलांची वेळ बघा. हॉकीचा सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांचे चार भाग.

- लीगचा अंतिम सामना, सूरमाविरुद्ध : २०वं आणि ५६वं मिनिट
- आशिया चषक, थायलंडविरुद्ध (११-०) : ६०वं मिनिट
- आशिया चषक, जपानविरुद्ध (२-२) : ३०वं मिनिट
- आशिया चषक, सिंगापूरविरुद्ध (१२-०) : ५३वं मिनिट
- आशिया चषक, कोरियाविरुद्ध (४-२) : ५९वं मिनिट

सहापैकी चार गोल शेवटच्या दहा मिनिटांतले आहेत, आणि जपानविरुद्धचा गोल पहिला अर्धा सामना संपता संपता झालेला. शेवटच्या दहा मिनिटांत बचावपटूंचे पाय जड झालेले असतात, लक्ष जरा ढळतं. तेव्हा जिच्यात पळण्याची ताकद शिल्लक असते ती पुढे निघून जाते. मधल्या फळीत कमावलेला दम इथे कामाला येतो, असं म्हणायला जागा आहे.

पण सहा गोलांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही. थायलंड आणि सिंगापूरविरुद्ध सगळ्यांनीच गोल केले. खरी किंमत सूरमा, जपान आणि कोरियाविरुद्धच्या गोलांची. आणि ज्या संघाविरुद्ध सगळ्यात जास्त गरज होती त्या चीनविरुद्ध भारत दोनदा खेळला, दोनदा ४-१ असा हरला आणि दोन्ही सामन्यांत ऋतुजाचा गोल नव्हता. अंतिम सामन्यात नवनीत कौरनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, नंतर ५९ मिनिटं भारताला एकही गोल करता आला नाही.

तो पराभव महागात पडला. आशिया चषक जिंकला असता तर २०२६च्या विश्वचषकाचं थेट तिकीट मिळालं असतं. ते चीननं नेलं.

संघाला फॉरवर्ड का हवी आहे?

भारतीय महिला संघाची अवस्था समजल्याशिवाय ऋतुजाचं महत्त्व कळणार नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा संघ चौथा आला आणि सगळ्या देशानं कौतुक केलं. त्यानंतर २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी तो पात्रच ठरला नाही. २०२४-२५च्या प्रो लीगमध्ये शेवटचा आला आणि खालच्या स्पर्धेत ढकलला गेला.

याच काळात आघाडीच्या दोन मोठ्या खेळाडू निवृत्त झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये राणी रामपाल आणि एप्रिल २०२५ मध्ये वंदना कटारिया. वंदनानं ३२० सामन्यांत १५८ गोल केले होते. एवढं काम करणारी खेळाडू गेली की जागा रिकामी होते, पण ती आपोआप भरत नाही.

आज आघाडीत चुरस आहे. नवनीत कौर अनुभवी. दीपिका पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक मारते, म्हणून तिची जागा वेगळी. मुमताज खान, ब्यूटी डुंगडुंग, संगीता कुमारी या तिघी वेगवान. ऋतुजाला यांच्यातून जागा पक्की करायची आहे.

तिची जागा कोणती?

फॉरवर्डचं काम फक्त गोल करणं नाही. आजच्या हॉकीत चार कामं मोजली जातात :

१. चेंडू घेऊन डीमध्ये शिरणं.
२. गोल झाला नाही तरी पेनल्टी कॉर्नर मिळवून देणं.
३. समोरच्या बचावपटूकडे चेंडू असताना तिला दाबून धरणं, म्हणजे बचावाची पहिली भिंत बनणं.
४. दुसरीच्या फटक्याला स्टिक लावून किंवा कीपरनं परतवलेला चेंडू पुन्हा आत ढकलून गोल करणं.

आमच्या मते ऋतुजाला गोलसमोर एकाच जागी उभं करून ठेवलं तर तिचा निम्मा खेळ वाया जाईल. मधली फळी आणि आघाडी यांच्यातला दुवा म्हणून ती जास्त उपयोगी आहे. मागे वैष्णवी फाळकेसारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूकडून चेंडू घ्यायचा, वळायचं आणि डीच्या तोंडाशी न्यायचा. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आतबाहेर बदलता येतात. त्यामुळे शेवटच्या पंधरा मिनिटांत ताज्या पायांनी तिला उतरवणं हाही चांगला डाव आहे.

मात्र 'शेवटी उतरणारी' एवढीच ओळख राहिली तर ते तिच्यासाठी बरं नाही. मोठ्या संघांविरुद्ध सामना बऱ्याचदा पहिल्या अर्ध्या तासातच हातातून जातो. तिला पहिल्या पंधरा मिनिटांतही धोका निर्माण करावा लागेल.

पुढचा रस्ता

२०२६ची दिनदर्शिका भरगच्च. ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये आशियाई स्पर्धा. आशियाई स्पर्धेचं सुवर्ण म्हणजे २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट.

वय तिच्या बाजूनं आहे. २०२३चा ज्युनिअर विश्वचषक २१ वर्षांखालील होता, म्हणजे २००२ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींचा. त्या हिशेबानं २०२८ मध्ये ती जास्तीत जास्त २६ वर्षांची असेल. फॉरवर्डसाठी हे ऐन भराचं वय.

महाराष्ट्रानं याआधी दोन्ही प्रकारच्या वाटा पाहिल्या आहेत. पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. मुंबईचा युवराज वाल्मीकी २०११च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानला हरवणारा गोल मारून एका रात्रीत हिरो झाला, २०१४चा विश्वचषकही खेळला, पण धनराजइतकी लांब कारकीर्द त्याच्या वाट्याला आली नाही. गुणवत्ता दोघांकडेही होती. दुखापत, फॉर्म, निवड, एका जागेसाठी असलेली स्पर्धा, अशा अनेक गोष्टींवर पुढचं ठरतं. म्हणून एका सामन्यावरून कुणाला डोक्यावरही घेऊ नये आणि एका पराभवावरून उतरवूही नये.

आपल्या तालुक्यातल्या मुलींसाठी

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांत कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट आहे. हॉकी क्वचितच दिसते. मुख्य अडचण मैदानाची. मोठ्या स्पर्धा कृत्रिम टर्फवर होतात आणि मातीवर शिकलेल्या मुलीला टर्फवर चेंडूचा वेग नवा वाटतो. कोपरीतल्या मुलीलासुद्धा ठाणे स्टेशनवरून लोकल पकडून चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमपर्यंत जायचं म्हटलं तर शाळा सांभाळून रोज ते शक्य नाही. मुरबाडच्या मुलीचं तर बोलायलाच नको.

म्हणून ग्रामीण मुलींसाठी सगळ्यात सरळ वाट आहे राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. तिथे निवड झालेल्या मुलांना राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी मिळतं. प्रवेश दोन प्रकारे होतो, सरळ प्रवेश आणि कौशल्य चाचणी. चौकशी करायची ती शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. वयाची अट आणि तारखा तिथेच तपासा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका.

पोटापाण्याचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडूंची भरती होते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आणि आता मुलींसाठीही लीग सुरू झाली आहे, जिथे खेळण्याचे पैसे मिळतात. पहिल्या लीगच्या विजेत्या संघाला दीड कोटी रुपयांचं बक्षीस होतं.

पुढच्या सामन्यात काय बघाल?

मोबाईलवर भारताचा सामना लावलात तर ऋतुजानं गोल केला का, एवढंच बघू नका. तीन गोष्टी मोजा. ती किती वेळा चेंडूसह डीमध्ये शिरली? तिच्यामुळे किती पेनल्टी कॉर्नर मिळाले? आणि चेंडू गेल्यावर परत मिळवायला ती मागे पळाली का? चीन, नेदरलँड्स, अर्जेंटिनासारख्या संघांविरुद्ध या तिन्हींची उत्तरं चांगली येऊ लागली, की समजा साताऱ्याची ही पोरगी संघात नुसती आली नाही, तिथे टिकायला आली आहे.