पावणेदोन लाख छायाचित्रे : कीर्द आणि खतावणी

तुमच्या घरी छायाचित्रे किती आहेत, असे चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर कपाटातून एक अल्बम निघाला असता. लग्नातले काळेपांढरे फोटो, मुंजीचे पाचसहा, आजोबांचा स्टुडिओत काढलेला एक. मोजायला पाच मिनिटे पुरली असती. आज हाच प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही. काही चित्रे मोबाइलमध्ये, काही जुन्या संगणकावर, काही कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आकडा हजारांच्या घरात जातो. मग कधीतरी एखाद्याला उत्साह येतो आणि तो म्हणतो, "आता हे सगळे एकदा नीट लावून टाकू." पण लावायचे कसे? तारखेप्रमाणे, की विषयाप्रमाणे? फोल्डर करून, की एखादा कार्यक्रम संगणकावर घेऊन त्याच्या स्वाधीन करून?

मी संगणकाचा जाणकार नव्हे. माझा विषय इतिहास. तरी या प्रश्नावर चार शब्द सांगावेसे वाटतात, कारण या बाबतीत एक चूक मी स्वतः करून बसलो आहे. आमच्या विभागात अनेक वर्षांच्या सहलींची छायाचित्रे साठली होती. गावोगावचे वीरगळ, देवळे, शिलालेख, बारवा. पुष्कळशी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काढलेली. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी ती 'लावली'. वीरगळांचा एक फोल्डर, देवळांचा दुसरा, शिलालेखांचा तिसरा. कॅमेऱ्याने दिलेली नावे मला कुरूप वाटली, म्हणून ती काढून 'वीरगळ १', 'वीरगळ २' अशी सुबक नावे दिली. काम झाल्यावर फार समाधान वाटले. पुढे एका विद्यार्थिनीने एका वीरगळाकडे बोट दाखवून विचारले, "सर, हा कुठल्या गावचा?" मला सांगता आले नाही. ज्यांनी चित्र काढले ते सहकारी तोवर निवर्तले होते. माझ्या सुबक व्यवस्थेत तो वीरगळ एका क्षणात सापडत होता. पण तो कुठला आहे हे मात्र कायमचे हरवले होते.

ही चूक कशी टाळता आली असती, हे मला पुढे एका जुन्या हकिगतीवरून उमगले. ही हकिगत अमेरिकेतली आहे आणि संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतला शेतकरी देशोधडीला लागला होता. त्याच्या साहाय्यासाठी १९३५ साली सरकारने रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचे खाते काढले. १९३७ मध्ये त्याचे रूपांतर फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये झाले. या खात्याचा एक छोटासा छायाचित्र विभाग होता. प्रमुख होते रॉय स्ट्रायकर, मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. त्यांनी डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली अशा छायाचित्रकारांना देशभर हिंडवले. निगेटिव्ह बहुतेकदा वॉशिंग्टनला यायच्या, तिथे धुतल्या जायच्या, मग छायाचित्रकाराने प्रत्येक चित्राखालची ओळ लिहून द्यायची. या ओळी चित्रांच्या पाठीवर उतरवून काढण्यासाठी १९३६ साली जॉन व्हॅशॉन नावाचा एक तरुण हरकाम्या नेमला होता. दुसऱ्यांची चित्रे लावता लावता तो इतका तयार झाला, की पुढे स्वतःच त्या विभागाचा नावाजलेला छायाचित्रकार झाला. दप्तर लावण्याच्या कामाला हलके समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी!

चित्रे वाढत गेली. १९४२ मध्ये हा विभाग युद्ध-माहिती खात्याकडे गेला आणि १९४४ मध्ये सारा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हवाली झाला. आज त्यात सुमारे १,७५,००० काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह आणि सुमारे १,०७,००० छापील प्रती आहेत. या ढिगाचे करायचे काय, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आला त्यांचे नाव पॉल व्हँडरबिल्ट. १९४२ साली ते या कामावर रुजू झाले.

त्यांच्यापुढची अडचण नीट पाहा, कारण तीच तुमची-आमची अडचण आहे. छापील चित्र ही एक वस्तू आहे आणि एक वस्तू एका वेळी एकाच खणात राहते. समजा, रसेल लीने एखाद्या गावी जाऊन साठ चित्रे काढली. ती एकत्र ठेवली तर त्या गावाचे सगळे जीवन डोळ्यांपुढे उभे राहते. पण कोणी येऊन म्हणाले, "मला देशभरातल्या शाळांची चित्रे हवीत", तर सगळे खण उपसावे लागतात. उलट, शाळांची चित्रे एका खणात जमवली, तर शोधणाऱ्याचे काम सोपे होते. पण मग त्या गावाचे साठ तुकडे साठ ठिकाणी जातात आणि गाव मोडते.

व्हँडरबिल्ट यांनी यातले एक निवडले नाही. आधी त्यांनी चित्रांचे मूळ गट केले. कोणाची कामगिरी, कुठल्या ठिकाणची, कुठल्या वेळची, त्याप्रमाणे. प्रत्येक गटाला क्रमांक दिला आणि ते सगळे गट त्याच क्रमाने मायक्रोफिल्मवर उतरवून घेतले. मूळ क्रम असा कायमचा बांधून ठेवल्यावर मगच त्यांनी छापील प्रती मोकळ्या केल्या आणि प्रदेशवार व विषयवार लावल्या. जमीन, शहरे व गावे, माणसे, घरे व राहणी, वाहतूक, काम, अशी ती प्रकरणे होती. ज्याला विषय हवा त्याने खण उघडावा. ज्याला गाव हवे त्याने फिल्म पाहावी.

आपल्याकडच्या जुन्या दुकानदाराला यात काहीच नवल वाटले नसते. तो म्हणाला असता, "ही तर कीर्द आणि खतावणी!" दिवसभरात जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहायचे, ती कीर्द. मग त्यातूनच गणपतरावांचे खाते वेगळे, कापडाचे वेगळे, घरखर्चाचे वेगळे, ती खतावणी. दोन्ही वह्या लागतात. पण दोन्हींचा दर्जा सारखा नाही. खतावणी जळाली तर कीर्द वाचून पुन्हा मांडता येते. कीर्द जळाली तर खतावणीवरून तो दिवस जसाच्या तसा उभा करणे जवळपास अशक्य. मी सहलींच्या चित्रांचे केले ते नेमके हेच. खतावणी मांडली आणि कीर्द फाडून टाकली.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकालाही हे नवे नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यात रोजकिर्दीही आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकिर्दींतून निवडलेले उतारे विषयवार मांडलेले आहेत, गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. हे खंड म्हणजे आमची खतावणी. त्यांच्यावाचून आमचे पाऊल पुढे पडत नाही. पण शंका आली, की रुमालाकडेच जावे लागते. एखाद्या बिनतारखेच्या चिठ्ठीचा अर्थ तिच्या शेजारच्या कागदावरून लागतो, हे दप्तरात बसलेला कोणीही सांगेल.

शेजाराचे हे महत्त्व अमेरिकेतल्या त्या संग्रहातही दिसून आले. पुष्कळ निगेटिव्हच्या प्रती त्या काळी छापल्याच गेल्या नव्हत्या. आरंभीच्या काळात तर स्ट्रायकर यांना नापसंत पडलेल्या निगेटिव्हला भोक पाडले जाई. छापले नाही म्हणून ओळ लिहिली गेली नाही, आणि ओळ नाही म्हणून चित्र मुके राहिले. संगणकाच्या युगात निगेटिव्ह पाहण्याजोग्या झाल्या, तेव्हा ग्रंथालयाने या मुक्या चित्रांना शेजारच्या क्रमांकांच्या आधाराने ओळख दिली : हे चित्र बहुधा अमक्या चित्राशी संबंधित असावे. क्रमांक कोणी 'सुधारले' नव्हते, म्हणूनच हे जमले.

आता आपल्या घरी येऊ. मोबाइल किंवा डिजिटल कॅमेरा चित्र काढताना आपल्या नकळत एक कीर्द लिहीतच असतो. तारीख, वेळ, आणि परवानगी दिली असेल तर जागासुद्धा. या टिपेची ठरावीक पद्धत एक्झिफ या नावाने १९९५ साली जपानमधल्या उद्योगसंस्थेने प्रसिद्ध केली. ती टीप चित्राच्या फाइलमध्येच असते. तेव्हा पहिला नियम असा : मूळ फाइलला आणि तिच्या क्रमाला हात लावू नये. वर्षाचे फोल्डर, त्यात महिन्याचे, एवढे पुरे. नाव द्यायचेच झाले तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि त्यापुढे कॅमेऱ्याचा क्रमांक तसाच. वर्ष आधी लिहिले की संगणक आपण होऊनच चित्रे कालक्रमाने मांडतो.

मात्र ही कीर्दही डोळे मिटून खरी मानू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असले तर तारीख चुकते. आजोबांचा जुना फोटो आज स्कॅन केला तर फाइलवर तारीख आजची पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने आलेल्या चित्रातून तर मूळ टीप गळूनच गेलेली असते. म्हणून लग्नाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले की काम झाले असे समजू नये. मूळ फाइली मागून घ्याव्यात.

दुसरा नियम खतावणीचा. विषय, गाव, माणसांची नावे ही टॅग म्हणून चित्राला जोडावीत. त्यासाठी चित्रे इकडून तिकडे हलवू नयेत. व्हँडरबिल्ट यांच्यापुढची अडचण आता उरलेली नाही. एकाच चित्राला 'वीरगळ', 'सहल', 'सातारा जिल्हा' अशा दहा चिठ्ठ्या लावता येतात आणि चित्र आपल्या जागी राहते. ज्यासाठी त्यांना मायक्रोफिल्म करावी लागली, ते आपल्याला फुकटात मिळते. वापरायचे मात्र सुचत नाही!

तिसरा नियम जरा अवघड, पण सर्वांत महत्त्वाचा. खतावणी कोणाच्या घरी ठेवायची? बरेच कार्यक्रम तुम्ही दिलेली नावे आणि टॅग स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात. कार्यक्रम चालू आहे तोवर ठीक. पण कार्यक्रमालाही आयुष्य असते. अ‍ॅपलने २००५ साली आणलेला अ‍ॅपर्चर २०१५ मध्ये बंद झाला. गूगलने २००४ साली विकत घेतलेला पिकासा २०१६ मध्ये बंद झाला. गूगल फोटोजमध्ये ठरावीक दर्जाची चित्रे हवी तितकी फुकट ठेवण्याची सोय २०१५ पासून होती, तीही १ जून २०२१ पासून संपली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही; दुकाने उघडतात आणि बंद होतात. पण गिऱ्हाइकाने आपली एकुलती एक वही दुकानात ठेवू नये. वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने बसवलेली आयपीटीसी ही पद्धत आणि अडोबीने २००१ साली आणलेली एक्सएमपी ही पद्धत यांच्यामुळे ओळ, नावे आणि टॅग चित्राच्या फाइलीतच लिहिता येतात. व्हॅशॉन चित्राच्या पाठीवर लिहीत असे, तसेच हे. म्हणून कार्यक्रम निवडताना दुसरे काही विचारले नाही तरी चालेल. एवढे विचारा, की मी लिहिलेले तू चित्रात लिहितोस की तुझ्या वहीत? आणि उद्या मी निघालो, तर ते मला बरोबर नेता येईल का? शिवाय साऱ्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या घरी ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

एवढे सगळे केले तरी एक गोष्ट कोणतीही व्यवस्था करू शकत नाही. त्याच अमेरिकन संग्रहातले सर्वांत प्रसिद्ध चित्र डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे काढले. वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर बसलेली एक आई, तिला बिलगलेली मुले, आणि कुठेतरी दूर लागलेली तिची नजर. जगभर ते छापले गेले. त्याला क्रमांक होता, तारीख होती, ठिकाण होते, बाईचे वय ३२ असल्याचीही नोंद होती. नाव नव्हते. लँगनेच पुढे सांगितले, की तिने ते विचारले नाही. ती बाई फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळले १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. आणि ती चेरोकी वंशाची आहे, हेही तोवर कोणाला माहीत नव्हते. ती हयात होती म्हणून तरी कळले. १९८३ मध्ये ती वारली.

जे लिहिलेच नाही, ते कोणत्याही खणात सापडत नाही. आजचे यंत्र एकाच चेहऱ्याची शंभर चित्रे गोळा करून देईल, पण तो चेहरा कोणाचा हे कोणीतरी माणसानेच सांगावे लागते. म्हणून कामाला सुरुवात नव्या चित्रांपासून करू नका. ती थांबतील. घरात जे सर्वांत म्हातारे माणूस असेल त्याच्यापाशी जुना अल्बम घेऊन बसा. हा कोण, ही कोण, हे अंगण कुठले, एवढे विचारा आणि त्याच बैठकीत लिहून घ्या.

आमच्या विभागात आता आम्ही नव्या सहलींची चित्रे मूळ क्रमानेच ठेवतो आणि गाडी परत येण्यापूर्वी प्रत्येक गावाचे नाव चित्रांना जोडतो. जुन्यांपैकी काहींची ओळख एका माजी विद्यार्थ्याकडे राहिलेल्या मूळ फाइलींवरून पटली. शेजारच्या चित्रात एस. टी. स्थानकाची पाटी होती, तीवरून गाव कळले. तो एक वीरगळ मात्र अजून बेवारशी आहे. त्याच्यावरचा वीर लढताना स्पष्ट दिसतो, वर स्वर्गात गेलेलाही दिसतो. कोणत्या गावासाठी लढला, ते सांगणारा कागद आमच्याकडे नाही.