रस्त्यावर पडलेला माणूस आणि कलम ३२३ सी

जर्मनीत गाडीचा परवाना काढायचा तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. १९६९ पासूनचा हा नियम आहे आणि भारतातला परवाना खिशात असला तरी त्यातून सुटका नाही. आमच्या वर्गात बहुतेक अठरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मी एकटा पीएचडी झालेला तिशीतला काका. दिवसभर रबरी बाहुल्याची छाती दाबून मनगटं दुखायला लागली. जेवणाच्या सुट्टीनंतर मास्तरांनी शांतपणे सांगितलं की हे सगळं तुम्ही चांगले आहात म्हणून करायचं नाहीये, केलं नाहीत तर तो गुन्हा आहे.

फौजदारी संहितेचं कलम ३२३ सी. गुन्ह्याचं नाव 'उंटरलासेने हिल्फेलाइस्टुंग', म्हणजे मदत न करणं. समोर अपघात झालाय, मदतीची गरज आहे, आणि स्वतःला मोठा धोका न पत्करता ती तुम्हाला करता येण्यासारखी आहे, तरीही केली नाहीत, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. बऱ्याचदा ११२ ला फोन केला तरी पुरतं. आणि मदत करताना तुम्हालाच लागलं, तर सरकारी अपघात विमा तुमचा खर्च उचलतो. मला तरी कलमापेक्षा हे विम्याचं जास्त आवडलं.

इथल्या मराठी मंडळात हा किस्सा सांगितला की कोणीतरी उसासा टाकतंच, "बघा, किती पुढारलेले लोक!" आता या कलमाची जन्मकुंडली बघा. १८७१ च्या जुन्या संहितेत तरतूद होती ती किरकोळ: पोलिसांनी मदतीला बोलावलं आणि शक्य असून गेला नाहीत, तर दंड. सगळ्यांवर मदतीचं बंधन आलं ते २८ जून १९३५ ला, म्हणजे हिटलरच्या राज्यात. त्यातलं कर्तव्य ठरवायचं होतं 'निकोप लोकभावने'वरून. त्याच दिवशीच्या त्याच कायद्याने न्यायाधीशांना अशीही मुभा दिली, की एखादं कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नसलं तरी या 'निकोप लोकभावने'ला धरून शिक्षा द्यावी. आणि पुढच्या अडीच महिन्यांत न्यूरेंबर्गचे कायदे आले, ज्यांनी ज्यू माणसांना नागरिकत्वातून बाहेर काढलं. शेजाऱ्याला मदत करा हे सांगणारं सरकार, शेजारी कोण हेही स्वतःच ठरवत होतं.

युद्धानंतर हे कलम फेकून देता आलं असतं. तसं झालं नाही. १९५३ मध्ये 'लोकभावना' काढून टाकली, बाकीचं ठेवलं, १९८० मध्ये त्याला आजचा क्रमांक मिळाला. फ्रान्सची गोष्टही अशीच. तिथे हे कर्तव्य आलं १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या विशी सरकारकडून, आणि १९४५ मध्ये स्वतंत्र फ्रान्सने ते नव्याने लिहून घेतलं. (१९९७ मध्ये राजकुमारी डायनाच्या अपघातानंतर छायाचित्रकारांची चौकशी झाली, ती याच्याच खाली.) वाईट बापाचं पोर चांगलं निघू शकतं, एवढंच म्हणतो.

पण कायदा असला म्हणजे लोक थांबतात का? ३ ऑक्टोबर २०१६, एसेन. आमच्या इथून गाडीने दीड तास. सुट्टीचा दिवस. बँकेच्या एटीएमच्या खोलीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा कोसळले. एकामागून एक चार गिऱ्हाईकं आली, काहींनी त्यांना वळसा घातला, काहींनी चक्क ओलांडलं, पैसे घेतले आणि गेली. पाचव्याने फोन केला. आजोबा काही दिवसांनी वारले. हे सगळं कॅमेऱ्यात होतं. २०१७ मध्ये तिघांना २४००, २८०० आणि ३६०० युरो दंड झाला. त्यांचा बचाव काय होता? आम्हाला वाटलं कोणी बेघर माणूस झोपलाय. म्हणजे कलम सगळ्यांसाठी होतं, पण डोळ्यांना दिसलेला माणूस त्यांच्या हिशोबात 'सगळ्यांत' बसत नव्हता. मला तर हा बचाव आरोपापेक्षा भयंकर वाटला.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय दंडविधानाचा मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने तयार केला आणि हा प्रश्न त्यात मुद्दाम चर्चेला घेतला. पायाशी माणूस भुकेने मरत असताना खिशात हात न घालणारा श्रीमंत वाईट आहे, हे मेकॉलेला मान्य होतं. पण शिक्षा द्यायची तर रेघ कुठे ओढणार? कलकत्त्याचा सर्जन शस्त्रक्रियेसाठी मेरठला गेला नाही आणि देशात ती करू शकणारा तो एकटाच असला, तर तो खुनी का? म्हणून ज्याच्यावर कायद्याने आधीच जबाबदारी आहे तेवढ्यालाच धरायचं, असं ठरलं. २०२४ मध्ये दंडविधान जाऊन न्याय संहिता आली, तरी ही चौकट तशीच आहे. वाटसरूने थांबावंच, असं आपल्याकडे कुठलाही सर्वसाधारण कायदा म्हणत नाही.

तो म्हणत नव्हता, हे एक वेळ ठीक होतं. पण जो थांबला त्याचे हाल ठरलेले. माझ्या मामांनी नव्वदच्या दशकात नाशिक रस्त्यावर पडलेल्या एका स्कूटरवाल्याला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दवाखान्याने आधी विचारलं, पैसे कोण भरणार. पोलिसांनी विचारलं, तुमच्याच गाडीने ठोकलं नाही कशावरून. मग पंचनामा, जबाब, आणि चार वर्षं तारखा. माणूस वाचला, पण मामी अजून त्या रजांचा हिशोब सांगते.

हे एकट्या मामांचं नशीब नव्हतं. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली बातमी हीच होती: जखमी स्कूटरस्वाराला एका दवाखान्याने वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडे पाठवलं, कारण पोलीस केसची परवानगी तिथे, आणि तो वाटेत गेला. न्यायालयाने सांगितलं, आधी जीव वाचवा, कागद नंतर. कागद मात्र पुढची पंचवीस वर्षं आधीच राहिला.

म्हणून 'आपल्या लोकांना माणुसकीच नाही' हे मला पटत नाही. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात २३ देशांतल्या मोठ्या शहरांत अनोळखी माणसाला मदत मिळते का हे मोजलं: आंधळ्याला रस्ता ओलांडून देणं, पडलेलं पेन उचलून देणं, लंगडणाऱ्याच्या हातून सांडलेली मासिकं गोळा करणं. कलकत्ता चौथं आलं, ८३ टक्के. न्यूयॉर्क ४५ टक्क्यांवर, शेवटून दुसरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनोळखी लोकांना घरात झोपवणारी, हातात बिस्किटं कोंबणारी मुंबईच होती. पेन उचलण्याचा पंचनामा होत नाही, बिस्किटाच्या पुड्यासाठी साक्षीला बोलावत नाहीत. फरक तिथे आहे.

पीयूष तिवारी यांचा सतरा वर्षांचा भाऊ २००७ मध्ये अपघातानंतर रस्त्यावरच गेला. त्यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं, २०१२ मध्ये याचिका केली, आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ ए आलं. आता नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि दवाखान्याने हे हक्क दारात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचे. जर्मनीने न थांबणाऱ्याला धाक घातला, आपण थांबणाऱ्याची भीती काढायला घेतली. आपल्यासाठी मला आपलाच रस्ता बरा वाटतो. धाक घालायला आपल्याकडे हवालदार कमी नाहीत, कमतरता भरवशाची आहे.

हे सगळं मी फोनवर मामांना उत्साहाने ऐकवलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, पण हे त्या हवालदाराला माहीत आहे का?"

मी म्हटलं, येताना कलमाची मराठी प्रत छापून आणतो, गाडीत ठेवा.

"आण," म्हणाले. "लॅमिनेट करून आण पण."