खान्देशचा रानपिंगळा : एका खोट्या चिठ्ठीची किंमत

२५ नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात सकाळच्या उजेडात एक लहानसे घुबड उघड्या फांदीवर बसलेले दिसले. पाहणारे तिघे अमेरिकी अभ्यासक होते : पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. तो रानपिंगळा होता. जगात कुणीही ११३ वर्षे त्याला पाहिल्याची खात्रीलायक नोंद नव्हती. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यातच होते.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३मध्ये केले. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशात त्याचे काही नमुने गोळा केले. डेव्हिडसन यांनी या भागातल्या पक्ष्यांची यादी १८८२मध्ये छापली. कारभार सांभाळत केलेले हे काम साधे होते, पण प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख होती.

त्यानंतर १८८४ ते १९९७ या काळातला एकच नमुना सांगितला जाई. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलने तो १९१४मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचा दावा केला होता. हा दावा साफ खोटा निघाला. ब्रिटनच्या संग्रहालयातला डेव्हिडसन यांचाच नमुना चोरून, पुन्हा भरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघड केली.

या खोट्या चिठ्ठीचा फटका आपल्याच माणसांना बसला. १९७०च्या दशकात डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो हाती लागला नाही. १९८७मध्ये सलीम अली गेले, ते हा पक्षी न पाहताच. १९९७च्या शोधपथकाने मांडवी यादीतून वगळली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला आणि पक्षी सापडला.

पण एकदा दिसणे म्हणजे अभ्यास नव्हे. तो काय खातो, कुठे घरटे करतो, किती उरला आहे, हे प्रश्न बाकीच होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी, फराह इश्तियाक आणि पुढे गिरीश जठार यांनी तोरणमाळच्या जंगलात त्यावर काम केले. हा पक्षी दिवसाही वावरतो, सरडे, उंदीर आणि किडे खातो, जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो, हे त्यातून पक्के झाले. शेतीसाठी तुटणारे जंगल आणि घुबडाविषयीची अंधश्रद्धा हे त्याचे शत्रू आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो आढळला आहे.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या आपल्या मुलामुलींसाठी यात मोठा धडा आहे. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. एक वही, साधी दुर्बीण आणि सकाळचे दोन तास पुरतात. तारीख, वेळ, गाव, झाड, पक्ष्यांची संख्या आणि ते काय करत होते, एवढे जागच्या जागी लिहावे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. शंका असेल तर 'शंका आहे' असेच लिहावे. काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. घरट्याजवळ गर्दी करू नये.

१९०८मध्ये मुंबईत शाळकरी सलीम एक मारलेली चिमणी घेऊन याच सोसायटीच्या दारात गेला. कोणता पक्षी आहे, हे त्याला कळत नव्हते. माहीत नाही म्हणून त्याने विचारले, आणि तिथूनच त्याची वाट सुरू झाली. कर्नलने मात्र माहीत नसलेले ठासून लिहिले.

नोंद ही अमानत असते. डेव्हिडसन यांनी ती सांभाळली, म्हणून शंभर वर्षांनंतर परक्या देशातून आलेल्या माणसांना आपल्या सातपुड्यातला पक्षी सापडला. आज आपली मुले वहीत जे लिहितील, त्यावरही उद्या कुणीतरी विसंबणार आहे.