परवानगीची किंमत : फिलिपिनो स्थलांतराचा इतिहास

आपल्या आळीतला एखादा मुलगा परदेशी निघाला म्हणजे घरात पहिला शब्द ऐकू येतो तो 'व्हिसा'. हा शब्द आपणांस कचेरीतला, शाईचा नि शिक्क्याचा वाटतो. परंतु परवान्याच्या अटी बारकाईने वाचल्या, तर दोन देशांच्या संबंधांचा सारा इतिहास त्यांत सापडतो. याचे फिलिपाइन्सइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

12 जून 1898 रोजी फिलिपिनो देशभक्तांनी स्पेनचे जू झुगारून स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षीच्या 10 डिसेंबरला पॅरिसच्या तहाने स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. बेटांवरच्या माणसांना कोणी विचारले नाही. त्यानंतर फिलिपिनो माणसाचा दर्जा मोठा चमत्कारिक झाला. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता आणि परकाही नव्हता. तो अंकित प्रजाजन होता. अमेरिकेस जाण्यास त्याला व्हिसा लागत नसे; मात्र तेथे पोचल्यावर मताचा हक्कही मिळत नसे.

हा दर्जा हवाईच्या ऊसमळेवाल्यांना भलताच सोयीचा ठरला. चिनी मजुरांची आवक कायद्याने थांबली होती आणि जपानी मजुरांविरुद्धही ओरड चालू होती. डिसेंबर 1906 मध्ये पंधरा फिलिपिनो पुरुष होनोलुलूच्या बंदरात उतरले. अशा मजुरांना 'सकाडा' म्हणत. पुढल्या चाळीस वर्षांत त्यांची संख्या लाखावर गेली. 1924 च्या कायद्याने अमेरिकेने बहुतेक सर्व आशियाला दार लावले. फिलिपिनो माणसाला मात्र ते उघडे राहिले. ही कृपा नव्हती. प्रजाजनाला परका म्हणता येत नाही, एवढीच अडचण होती.

मग मंदी आली. जानेवारी 1930 मध्ये कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे फिलिपिनो शेतमजुरांवर जमाव चालून गेला आणि फर्मिन टोबेरा नावाचा तरुण मजूर गोळीने ठार झाला. या लोकांना हाकलू पाहणाऱ्यांना आता एक युक्ती सुचली. बेटांना स्वातंत्र्य द्या, म्हणजे हे परके ठरतील आणि परक्याला अडवता येते! इकडे फिलिपिनो पुढारी तर स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे झगडतच होते. दोन अगदी उलट हेतू एकाच कायद्यात येऊन मिळाले. 24 मार्च 1934 च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने स्वातंत्र्याचे वचन दिले ते दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतरचे. पण दार तत्काळ लावले. साऱ्या देशाला वर्षाला प्रवेश मिळणार तो फक्त पन्नास माणसांना. त्यातही मळ्यांना मजूर कमी पडले तर हवाईपुरती सवड ठेवलीच होती. 1935 साली परत जाणाऱ्यांना फुकट प्रवासाची लालूच दाखवण्यात आली. तिला सुमारे दोन हजारच भुलले. फुकट प्रवास घेतला की पुन्हा येण्याची वाट त्या पन्नासांतूनच, हे मजुरांना पक्के ठाऊक होते.

येथे आपलाही धागा गुंफला गेला आहे. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले होते. 2 जुलै 1946 च्या एकाच कायद्याने फिलिपिनो आणि हिंदी अशा दोघांनाही नागरिकत्वाचा हक्क दिला आणि वर्षाला शंभर-शंभर जागा दिल्या. दोन दिवसांनी, 4 जुलैला, फिलिपाइन्स स्वतंत्र झाले.

पुढे दार रुंदावले, पण अटी राहिल्याच. 1948 नंतर फिलिपिनो परिचारिका विनिमय योजनेखाली अमेरिकन रुग्णालयांत येऊ लागल्या. मुदत दोन वर्षांची, मग परत. 1965 च्या कायद्याने वंशावर आधारलेला कोटा मोडला आणि कुटुंब व कसब हे दोन निकष आणले. नागरिकाचा जोडीदार, अज्ञान मुले आणि आईबाप यांना संख्येची मर्यादा राहिली नाही. भावाबहिणींना मात्र रांग आली. फिलिपिनो भावंडांची ही रांग वीस वर्षांच्या घरात गेली आहे. भाऊ अर्ज करतो तेव्हा बहिणीच्या कडेवर मूल असते. तिचा क्रमांक येईतो त्या मुलाने एकविशी ओलांडलेली असते आणि ते तिच्या अर्जातून गळण्याची भीती असते. 2002 च्या कायद्याने या वयोगणनेत काहीशी सवलत दिली, इतकेच. शिक्का मिळतो, पण मायलेकरांची ताटातूट होऊ शकते.

दुसरी वाट आखातातल्या तेलाची. 1974 च्या श्रमसंहितेने फिलिपाइन्स सरकारने परदेशी मजूर पाठवणे हे स्वतःचेच काम करून घेतले. या वाटेवरचा परवाना बहुधा करारापुरता. मजुरी संपली की मुक्काम संपला. घरी आलेल्या पैशाने घरे उभी राहिली, मुले शिकली, हे खरे आहे. परंतु मार्च 1995 मध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या मोलकरणीला सिंगापुरात खुनाच्या आरोपावरून फाशी झाली, तेव्हा सारा देश हळहळला आणि संतापला. आपण माणसे पाठवतो, पण त्यांच्या पाठीशी उभे राहतो काय, हा प्रश्न लोकांनी सरकारलाच विचारला. त्याच वर्षी परदेशस्थ कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि 2022 पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र खातेही काम करू लागले.

या सव्वाशे वर्षांचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो की, दार बहुधा हातांच्या गरजेने उघडते आणि त्या हातांमागे माणूस दिसू लागला की ते आकसते. कोणत्याही परवान्याची पारख करताना तो कोणाला आत घेतो एवढेच पाहून भागत नाही. आत घेतलेल्याला तो मत, मुक्काम आणि मुलेबाळे देतो की नाही, हेही विचारले पाहिजे. आपल्या घरातून कोणी निघेल, त्या दिवशी हा प्रश्न आपलाही असेल.