श्रुतदेवता सरस्वती : एका लोहाराचे दान

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा मनात प्रथम दिवाळीतील वहीपूजन आले. पेढीवर नव्या वहीवर स्वस्तिक काढून वडील लक्ष्मीबरोबर शारदेचेही स्मरण करीत. 'व्यापाऱ्याला सरस्वती कशाला?' असे मी बालपणी विचारले होते. त्याचे उत्तर मला पुढे इतिहासात सापडले.

मथुरेच्या कंकाली टिळ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन झाले. त्यात एका प्राचीन जैन स्तूपाचे अवशेष मिळाले आणि सरस्वतीची एक मूर्तीही मिळाली. ती आज लखनौच्या राज्य संग्रहालयात आहे. मस्तक भंगलेले, उजवा हात वर उचललेला, डाव्या हाती पोथी. वीणा नाही, हंसही नाही. पीठावरील लेखात संवत ५४ कोरले आहे. कनिष्काच्या संवताचा आरंभ इ.स. ७८ मानल्यास हे वर्ष इ.स. १३२ येते. अनेक अभ्यासक आता तो आरंभ इ.स. १२७ मानतात; त्या हिशेबाने मूर्ती सुमारे अर्धशतक अलीकडची ठरते. तरीही ज्ञात सरस्वती-मूर्तींत हिचे स्थान अतिप्राचीन आहे, आणि ती जैनांची आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

याहून हृद्य आहे तो दाता. लेखानुसार ही मूर्ती सिंहाचा पुत्र गोव याने दिली. तो लोहकाम करणारा कारागीर होता. आगमांचे पठण-पाठन करणाऱ्या 'वाचक' पदवीच्या मुनींच्या उपदेशावरून, सर्व जीवांच्या हितसुखासाठी त्याने हे दान केले. ज्या काळी श्रुत मुख्यतः मुखोद्गत होते, त्या काळी एका लोहाराने देवीच्या हाती पोथी दिली!

पुढे आपल्या परंपरेत श्रुतदेवतेची भक्ती वाढतच गेली. राजस्थानातील पल्लू येथील बाराव्या शतकातील शुभ्र संगमरवरी मूर्ती तिचेच वैभव दाखवितात. श्वेतांबर बंधू कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी, तर दिगंबर बंधू ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी साजरी करतात. पुष्पदंत व भूतबली या आचार्यांचे 'षट्खंडागम' त्या तिथीस पूर्ण झाले, अशी श्रद्धा आहे.

परंतु याच ग्रंथाची कथा अंतर्मुख करते. मूडबिद्रीच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके केवळ दर्शनासाठी राहिल्या, वाचनासाठी नव्हत्या. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 'धवला' टीकेसह पहिला भाग १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे १६ भाग झाले. पूजेतील पोथी पुन्हा वाचकाच्या हाती आली.

येथे एक कबुली देतो. वडिलांनी जपलेल्या दोन हस्तलिखित पोथ्या मी रेशमी वस्त्रात बांधून कपाटात ठेवल्या, दरवर्षी त्यांना कुंकू वाहिले, पण कधी उघडल्या नाहीत. उघडल्या तेव्हा वाळवीने अर्ध्याहून अधिक पाने खाल्ली होती. कापडाच्या गाठी रोज सोडणाऱ्या माझ्या हातांना ती एक गाठ सोडवली नाही. दोष सर्वस्वी माझाच.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी नम्र विनंती एवढीच. घरोघरीच्या व मंदिरातील पोथ्या उघडाव्यात, त्यांची सूची व छायाप्रती व्हाव्यात, आणि मुलांना त्या वाचावयास शिकवावे. गोव लोहाराने श्रुतदेवतेच्या हाती दिलेली पोथी बांधून ठेवण्यासाठी खचित नव्हती.

जय जिनेंद्र!