पोळी, चपाती आणि पाणी

इतिहास म्हटला की सनावळ्या, लढाया आणि तहनामे असे आपल्या मनात बसलेले असते. आज आम्ही श्रोत्यांना तेवढ्या लांब नेणार नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आलात तरी पुरे. तेथे बोलले जाणारे दोनचार शब्दच आम्हांला आज उलगडावयाचे आहेत.

कणीक मळून, लाटून, तव्यावर भाजलेल्या गव्हाच्या रोजच्या पदार्थाला आपण काय म्हणता? या सभेतच विचारले तर काही जण ‘पोळी’ म्हणतील, काही ‘चपाती’. वस्तू एकच, पीठ एकच. परंतु उत्तर ऐकताच शेजारी बसलेला गृहस्थ मनातल्या मनात आपले आडनाव ताडून पाहील, हे आपण नाकारू नये. प्रदेशाचाही फरक यात आहेच. मुंबईकडची चाल वेगळी, घाटावरची वेगळी. तरी नाशकासारख्या एका गावात, एका गल्लीतदेखील हे दोन शब्द दोन प्रकारच्या घरांत नांदत आले, हे कशाने झाले?

शब्दांच्या कुळात याचे उत्तर सापडत नाही. दोन्ही कुळे चांगली जुनी आहेत. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांड्यांबरोबर ‘पोलिका’ आहे. अकबराच्या दरबारातील ‘ऐन-इ-अकबरी’त चपाती आहे. यातला एक शुद्ध आणि दुसरा बाटगा ठरविण्यास कोणताही आधार नाही.

उत्तर आहे ते कणगीत. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील सिन्नर, येवला, नांदगाव या कमी पावसाच्या मुलखात बाजरी पिकते. पश्चिमेकडे इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत नागली आणि भात. कष्टकऱ्याच्या घरी रोजची भाकर याच धान्यांची. गहू निघावयाचा तो सणाला, आणि सणाला तव्यावर पडे ती पुरणाची. म्हणून त्या घरात ‘पोळी’ हा शब्द पुरणपोळीसाठी राखलेला राहिला. ज्या घरात गहू रोज शिजत होता, तेथे ‘पोळी’ रोजची झाली आणि सणाच्या पोळीला ‘पुरणाची’ असे विशेषण लावावे लागले. पुढे १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला आणि रेशनच्या दुकानांतून परदेशी गहू गावोगाव पोहोचला. रोजचा गहू घरात आला खरा, पण सणाची राखीव जागा भरलेली होती. रोजच्या पदार्थाला दुसरे नाव हवे होते, ते ‘चपाती’त मिळाले. म्हणजे ज्याला आपण बोलण्याची लकब समजतो, तो एका परीने धान्याचा हिशेब आहे. कोणाच्या घरी गहू रोज होता आणि कोणाच्या घरी वर्षातून चारदा, हे त्या शब्दावरून आजही वाचता येते.

दुसरा शब्द याहून नाजूक आहे. ‘पाणी’ की ‘पानी’? खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेल्या मुलाने ‘पानी’ म्हटले की वर्गात खसखस पिकते. आम्हीही त्या हसण्यात सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. आता गंमत पाहा. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात दंत्य ‘न’. प्राकृतात त्याचे ‘पाणिअ’ झाले आणि तेथून आपला ‘ण’ आला. ‘लोणी’चेही तसेच, मूळ ‘नवनीत’, त्यात ‘ण’ नाहीच. तेव्हा शुद्धतेचा दाखला संस्कृताकडे मागणाऱ्याने ‘लोनी’ म्हणणाऱ्याला हसणे हे जरा धाडसाचेच काम आहे. शिवाय तोच ‘पानी’ हिंदी चित्रपटातल्या नायिकेने मागितला तर कोणालाही हसू येत नाही.

पण पाण्याच्या बाबतीत प्रश्न उच्चारावर थांबला नाही. कित्येकांना ओंजळ धरावी लागे आणि वरून धार सोडली जाई. येथून हाकेच्या अंतरावर काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खटपटीने तो १९३५ पर्यंत चालला. त्या माणसांपैकी कोणी ‘ण’ अगदी स्वच्छ उच्चारला असता, म्हणून दार उघडले असते काय?

मग एक उच्चार शुद्ध आणि दुसरा अशुद्ध हे ठरले केव्हा? बरेचसे एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. कोशाचे काम ब्राह्मण पंडितांच्या साह्याने झाले. मोल्सवर्थांनी गावंढळ शब्दही मोठ्या औदार्याने टिपले, हे त्यांचे उपकार. तथापि शाळाखात्याने जे पुस्तकी वळण उचलले ते पुण्याकडच्या शिकलेल्या घरांचे. क्रमिक पुस्तकात एका घराची भाषा गेली, आणि बाकीच्या घरांतील आई-आजी एका रात्रीत अशुद्ध बोलू लागल्या.

इंग्लंडातही असा प्रकार आहे. १९५४ साली ॲलन रॉस या भाषापंडिताने तेथील उच्च वर्गाचे शब्द आणि इतरांचे शब्द वेगळे करून दाखविले. जेवताना मांडीवर घ्यावयाच्या रुमालाला खानदानी मनुष्य ‘नॅपकिन’ म्हणतो, आणि वर चढू पाहणारा अधिक भारदस्त वाटावे म्हणून ‘सर्व्हिएट’ म्हणतो व तेथेच पकडला जातो. आपल्याकडे ‘आमच्या मिसेस’ म्हणणारे गृहस्थ याच जातीचे. अर्थात तेथे प्रश्न वर्गाचा. येथे वर्गाच्या आड जात उभी असते, आणि ती रुमाल बदलून जात नाही.

आणि ज्या घरांना आपल्या शुद्धतेचा अभिमान, त्यांच्या मोरीत डोकावले तर काय दिसते? बादली पोर्तुगिजांची. दाराची चावी त्यांचीच, कपड्यांची इस्त्री त्यांची, उपासाचा बटाटाही त्यांनीच आणलेला. खुर्ची, पडदा, दरवाजा फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. शिवछत्रपतींच्या काळी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. कचेरीत काही रुजले, पण घरातली खुर्ची जागची हलली नाही. परके शब्द सोवळ्यात चालले. शेजारच्या आळीतला ‘पानी’ मात्र चालला नाही.

सोवळ्यावरून आठवले. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. वडील असे कडक सोवळ्याचे की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नाही. पुढे १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, नाना जातींची माणसे त्यांच्या घरी जेवली. १९३४ पासून निघालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ चुलीपाशी बसून सांगावे तशा भाषेत आहेत, आणि मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणून विद्वान तिच्याकडे बोट दाखवितात. घरगुती भाषा ग्रंथात शोभते याचा हा पुरावा नाशकाच्याच मातीतला. तरी येथे एक खोच आहे: ती भाषाही ब्राह्मणघरात वाढलेली होती. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची बोली छापून यावयास १९५२ साल उजाडावे लागले, तेही त्यांच्या मृत्यूनंतर. आणि विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा पहिला कथासंग्रह आला तो १९६३ साली.

आमच्या लहानपणी घरी एक बाई कामाला येत. आमच्या स्वयंपाकघरात त्या ‘पोळ्या’ लाटीत, आणि मागच्या दाराशी बसलेल्या आपल्या मुलाला हाक मारून ‘चपाती’ देत. हात तोच, तवा तोच. उंबरठा ओलांडताना शब्द तेवढा बदले. एका होळीला त्यांनी आमच्या आजीला विचारले, “आज पोळी करनार का वो?” आजी म्हणाली, “अगं, पोळी तर रोजच करतो की!” आम्ही सारे हसलो. बाईही हसल्या, आणि पुरणाची डाळ निवडायला बसल्या.